उतारावरचं दुकान

प्रिय धाकटे,

फोन वाजून वाजून गप्प होतो, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. चष्मा लाव, मनातल्या मनात चार शिव्या घाल आणि वाच. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लेकीकडे राहायला गेल्या, कायमच्या. इतकी वर्षं त्यांच्या मशीनच्या आवाजावर मी कटकट केली, आणि आता दुपार झाली की कान उगाच फरशीकडे लागतात.

इस्पितळाच्या धुलाईघरात होते तेव्हा दिवसभर वाफ, ओल्या चादरी आणि बायकांची बडबड. कधी एकदा घरी जाते आणि गप्प बसते असं व्हायचं. ते गप्प बसणं आता पोटभर मिळतं. तुझे भाऊजी गेल्यापासून तर विचारूच नकोस. म्हणून मी सामान एकदम आणत नाही, थोडं थोडं आणते, म्हणजे पुन्हा जायला निमित्त राहतं. कुठून आणते हे तुला सांगायला नको. बस डेपोसमोरचं, उतारावरचं दुकान. गल्ल्यावरची बाई चष्मा गळ्यात अडकवून बसते आणि मला पाहिलं की म्हणते, "काय मावशी, आज एवढंच?" कधी कधी अख्ख्या दिवसात तेवढंच वाक्य माझ्या वाट्याला येतं. मग मी पिशवीत सामान भरायला मुद्दाम वेळ लावते. मागची माणसं सुस्कारे टाकतात. टाकू देत.

तुला त्या दुकानाचा वास लहानपणापासून नकोसा. आई आपल्याला तिथं न्यायची तेव्हा तू दारातच उभी राहायचीस, नाक दाबून. आतली मांडणी अजूनही तशीच आहे, खोकं फोडायचं आणि फळीवर ढकलायचं, ज्याला हवं त्यानं वाकून घ्यावं. लग्न झालं आणि तू चौकातल्या काचेच्या दारांच्या दुकानाची झालीस. मला हौसेनं दाखवायला नेलंस, आठवतं? सफरचंदं एकेक करून पातळ कागदात निजवलेली, आणि माणसं अशी हळू बोलत होती की कुणी आजारी आहे की काय असं वाटावं. एका बरणीवरची किंमत वाचून मी "अगं बाई" म्हणाले, तर तू कोपरानं ढोसलंस. तेवढ्यात तिथला विक्रेता माझ्याजवळ आला आणि अगदी नम्रपणे त्यानं विचारलं, बाईसाहेबांनी काय काय आणायला सांगितलंय? तू दोन हातांच्या अंतरावर उभी होतीस. जर्दाळू बघत होतीस, फार लक्ष देऊन.

तेही मी गिळलं असतं. पण तुझ्या अहोंच्या वाढदिवसाला मी द्राक्षं आणली, त्या दिवशीचं काही खाली उतरेना. स्वयंपाकघरात तू माझ्या हातून उतारावरच्या दुकानाची ती पिवळी पिशवी घेतलीस, द्राक्षं काचेच्या वाडग्यात ओतलीस आणि पिशवी ओट्याखाली कोंबलीस. इतकी झटपट, की बाहेरच्या पाहुण्यांना जणू भिंतीतूनही दिसणार होती. मग कुणीतरी द्राक्षांची तारीफ केली, आणि तुझे अहो म्हणाले, चौकातली आहेत, आम्ही दुसरीकडून घेतच नाही. ते बिचारे खरंच तसं समजत होते. तुला मात्र माहीत होतं, आणि तू चमचे पुसत राहिलीस. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. निघताना मी ओट्याखालून माझी पिशवी काढली, पाहुण्यांसमोर तिची शांतपणे घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. त्यानंतर तू बोलावलं नाहीस आणि मी आले नाही. दोघींनी आपापलं नाक सांभाळलं. नाकं शाबूत आहेत. पण तुझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून तुझ्या तक्रारी ऐकायची सवय मोडणं मला फार जड गेलं, हे तुला कोण सांगणार?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. मागच्या मंगळवारी तू उतारावरच्या दुकानात होतीस. पाठमोरी होतीस, तरी ओळखलं. आपल्या आईसारखी डावा खांदा पाडून उभी होतीस. चौकातल्या दुकानाची जाड कागदी पिशवी घडी करून काखेत धरली होतीस, म्हणजे घेतलेलं सामान तिच्यातून घरी जाणार होतं. मी हाक मारणार तोच तू वळलीस. मला पाहिलंस, हातातली टोपली साबणांच्या फळीपाशी खाली ठेवलीस आणि बाहेर पडलीस. पळालीसुद्धा नाहीस. छत्री घरी विसरल्यासारखी चालत गेलीस. मी मागे आले नाही, कारण मागे आले असते तर तू पुन्हा कधी दिसली नसतीस. मी टोपली उचलली. अर्धा कोबी, तेलाची सगळ्यात लहान बाटली, पावाचा छोटा पुडा, साबणाची एक वडी. तुझ्या अहोंना चहाबरोबर लागतात ती बिस्किटं नव्हती. धाकटे, अशी टोपली मी कितीतरी वर्षं भरते आहे, मला ती वाचता येते. ते घर सोडून केव्हा गेले, कुणाकडे गेले, मोठ्या घराचं काय झालं, यातलं मी काही विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. ती टोपली मी माझ्या सामानाबरोबर घेऊन आले. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "आज बरंच घेतलंत, पाहुणे येणार वाटतं?" मी हो म्हणाले. पाव टिकणार नव्हता, तो मी खाल्ला, आणि कोबीही रागारागानं शिजवून टाकला. बाकीचं फळीवर वेगळं ठेवलंय. घ्यायला ये. दुकानात यायची लाज वाटत असेल तर सरळ घरी ये. येताना काही आणू नकोस. आणि जेवायला थांबलीस, तर कोबी मी अख्खा आणीन.

तुझीच,
ताई