चौथा बांध

१२ जानेवारी
आज रुजू झाले. नाशिकहून निघताना आईने बजावलं होतं, कोल्हापूरची माणसं भांडल्यासारखी बोलतात, घाबरू नकोस. गडमुडशिंगीच्या पुढे उसात वळणाऱ्या रस्त्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "जनावराच्या दवाखान्यात? मग म्हस कुठाय?" मी म्हटलं, म्हशीची नाही, कोल्ह्याची डॉक्टर आहे. तो फाटकापर्यंत हसत होता.

रुग्णालय म्हणजे कोंबड्यांची जुनी शेड. भोवती मोकळी पट्टी, तिला उंच जाळीचं कुंपण, कुंपणाला एकच फाटक. पलीकडे जिकडेतिकडे ऊस. पिंजरे स्वच्छ आहेत आणि प्रत्येकावर चादर आहे, कारण रानातल्या जनावराला सतत माणूस दिसणं हाच अर्धा आजार. सध्याचे पेशंट तीन: मांजाने पंख कापलेली घार, मोटारसायकलखाली आलेलं उदमांजर आणि एक रागीट घोरपड. पिंजरे आकाराम सांभाळतात, साठीचे आहेत. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "चावलं तर वरडू नगा मॅडम. जनावर बिथरतंय."

ट्रस्टचे अध्यक्ष विश्वजितदादा. जमीन त्यांची, भोवतीचा ऊस त्यांचा, फाटकावरचा फोटोही त्यांचाच. मला इथे आवडणार आहे.

२३ जानेवारी
तोडणी जोरात आहे. दादांच्या गाडीतून पोत्यात घालून एक रानमांजर आलं. चारी पंजे भाजलेले, मिशा जळून गेलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, रस्त्याला गावलं. रस्त्यावर पंजे भाजत नाहीत. ड्रेसिंग करताना त्याच्या केसांना करपलेल्या गुळासारखा वास येत होता.

२४ जानेवारी
दादांना विचारलं. लपवालपवी काहीच नाही. ऊस पेटवून तोडला की पाला जळून जातो, तोडणीच्या टोळीचं काम हलकं होतं. त्यांचे आजोबाही पेटवायचे, पण तीन बांधांना काडी लावायची आणि चौथा मोकळा ठेवायचा. आत जे असेल ते निघून गेलं की मग तो पेटवायचा. "आता पलीकडं बी लोकांचा ऊस हाय की, डॉक्टर. त्यास्नी झळ लागली तर भांडण तुम्ही निस्तरणार?" म्हणून आता चारी बांध एकदम पेटवतात. आग मध्ये जाते आणि आपोआप विझते.

मध्ये काय असतं, ते त्यांना माहीत आहे. त्यातलंच जे काठावर वाचतं, ते माझ्याकडे पाठवतात.

वनखात्याला कळवते म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, कळवा की. मग दवाखाना बंद, ही जनावरं कुठं न्यायची ते तुम्ही बघा. केसपेपरवर मी लिहिलं: रस्त्यालगत सापडले. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं.

३ फेब्रुवारी
खोकडाची दोन पिल्लं आली, दुपारी गेली. एक साळिंदर आलं, काटे जळून गेलेलं. दादांनी ते मांडीवर घेऊन फोटो काढला, मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं, मुक्या जिवांची सेवा. फोटोत साळिंदर जिवंत नव्हतं. लोकांनी हात जोडले आहेत, फुलं वाहिली आहेत. मी आकारामांवर उगाच ओरडले. ते म्हणाले, "वरडा. पर ज्याच्यावर वरडायचं त्याच्यावर वरडा."

रिकामे पिंजरे काल स्वतः धुतले होते. आज त्यांत काजळी. आकारामांच्या मते वाऱ्याने येते. चादरीखाली कसा येतो वारा?

१० फेब्रुवारी
कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंजऱ्यात काजळी, आणि काजळीवर पावलं. सशाची, आणि शेजारीच कोल्ह्याची. दोघं अंगाला अंग लावून बसल्यासारखी. कडी बाहेरून होती तशीच.

रानमांजर आता नीट खातं. पंज्यांना नवी कातडी येते आहे. त्याला बरं करून सोडायचं, एवढं एक तरी मला करायचं आहे. पण ते खाता खाता थांबतं आणि त्या कोपऱ्याकडे बघत राहतं.

१४ फेब्रुवारी
कोपऱ्यातली चादर वरखाली होत होती. श्वासासारखी. उचलली, आत काही नाही. लोखंडाला हात लागला आणि तळव्याला फोड आला. आकारामांनी फोड बघितला. म्हणाले, आपल्याकडं आणली ती येगळी. "ही फडात आतच ऱ्हायल्याली हायत, मॅडम."

भीती वाटली. पण खरं सांगायचं तर राग जास्त आला. मेल्यावरही बिचारी दवाखान्यात येतात. जायला हवं त्यांनी दादांच्या बंगल्यावर.

१८ फेब्रुवारी
शेवटचा फड उरला आहे, फाटकासमोरचा. भोवतीचं सगळं कापलं गेलं, तेव्हा वाचलेली जनावरं त्यातच शिरली असणार. दादांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. एक बांध सोडा, मी स्वतः उभी राहते, पाण्याचा टँकर लावते. आकारामांसमोर दादा म्हणाले, "शब्द हाय माझा." जाताना मला चॉकलेट दिलं, लहान मुलीला देतात तसं.

२१ फेब्रुवारी
चारी बांध पेटवले.

मी चौथ्या बांधावर उभी होते. दादांच्या दोन माणसांनी मला धरून बाजूला नेलं आणि तिथे काडी लावली. आतून आवाज येत होते. दादा म्हणाले, उसाच्या कांड्या फुटतात, बाकी काही न्हाय.
कांड्या तशा ओरडत नाहीत.

२२ फेब्रुवारी
एकही पिंजरा रिकामा नाही. सगळ्या चादरी श्वास घेत आहेत. आमचे पेशंट गप्प, सगळ्यांची तोंडं फाटकाकडे. करपलेल्या गुळाचा वास — कपड्यांना, चहाला.

उद्या दादा येणार. रानमांजराला सोडतानाचा फोटो हवा आहे.

२३ फेब्रुवारी, दुपार
भर उन्हात आली. दादा मोबाइल पुसत होते आणि समोरचं काळं रान हललं. शेडमधल्या चादरी सपाट झाल्या. राखेची जनावरं. ससे, कोल्हे, साळिंदरं, काही ओळखू न येणारी. कुंपणाला लागून बसली. पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला.

फाटकाची बाजू मोकळी.

आकारामांनी पिंजऱ्यांच्या कड्या काढल्या. उदमांजर लंगडत गेलं, घोरपड गेली. घारीला आणि रानमांजराला कवेत घेऊन ते चालत बाहेर पडले. कुणी हललं नाही. बाहेरून हाक मारली, "वाट सोडलीया मॅडम. चला की."

मी निघालेच होते. मागून दादा धावत आले —

मी आधी पोचले. फाटक ओढलं, कुलूप घातलं, किल्ली जाळीवरून काळ्या रानात भिरकावली. दादांचं तोंड बघितलं. आयुष्यात इतकं बरं कधी —

मग कळलं. मी आत आहे.

नंतर
ड्रेसिंगच्या खोलीत. दार लावलंय. दादा बाहेरून थापा मारतायत, मला ताई म्हणतायत. उघडलं नाही. आकाराम फाटकाबाहेर किल्ली शोधतायत, राखेत, दोन्ही हातांनी.

चौथी बाजू त्या जनावरांनी सोडली होती. दादांसाठीसुद्धा. ज्याने कधी सोडली नाही त्याच्यासाठी. आणि मी ती —

आता फाटकापाशीही बसलेत.

उठले. कडेकडेने आत येतायत. घाई नाही. जशी आग मध्ये —

दादांचा आवाज थांबला.

दाराची कडी लाल. गुळाचा वास. आकाराम विचारतायत, मॅडम, कसला आवाज येतोय आतून. मी त्यांना हाका मारतेय. मीच मारतेय. त्यांना ते कांड्या फुटल्यासारखं —