पाच टाळ्या

सोम., ५ जाने.
जिल्ह्याच्या इंग्रजी भाषणस्पर्धेत नववीतली अश्विनी अंतिम फेरीत! आमच्या चौसाळ्याच्या शाळेतून पहिल्यांदाच कुणी. पुढच्या मंगळवारी बीडला. तयारी माझ्याच पद्धतीनं: शब्दाचे तुकडे पाडायचे, दर तुकड्याला एक टाळी. ऑ-पॉर-च्यु-नि-टी. पाच टाळ्या. सव्वीस वर्षं हेच शिकवतोय. निम्मं गाव असंच बोलतं, माझ्यामुळं.

बुध., ७
बीडच्या कॉलेजातल्या एक बाई शाळेत आलत्या. अश्विनीचं भाषण ऐकून म्हणाल्या, "छान. पण सगळ्या तुकड्यांवर सारखाच जोर? इंग्रजीत एकावर जोर द्यायचा, बाकीचे जवळजवळ गिळायचे." पोरांसमोर. मी मान हलवली, जणू ठाऊकच होतं.
शाळा सुटल्यावर अश्विनी, "सर, मंग तुमी टाळ्या कावून वाजवायला लावल्या?"
काय सांगणार, कपाळ! घसा बसलाय म्हणालो.

गुरु., ८
मोबाइलवर 'फोटोग्राफ' न् 'फोटोग्राफर' किती वेळा ऐकलं. जोर म्हणे पहिल्या तुकड्यावरून दुसऱ्यावर सरकतो. डोंबल सरकतो! मला दोन्ही सारखेच.
सौ. मेथी निवडत होती. "दुसऱ्यात मधला मोठा हाय की वो. येवढं कळंना तुमाला?"
सातवी शिकलेली बाई. मला रडूच यायला लागलं.

शनि., १०
शब्दकोश बघून अश्विनीच्या भाषणावर पेन्सिलीनं जोराच्या खुणा केल्या. खुणा बरोबर. पण ती बोलायला लागली की तिचा हात आपोआप मांडीवर पडतो, दर तुकड्याला. माझंच पाप.
बीडच्या बाईंकडं जातीस का, विचारलं. वडील मेंढ्या घेऊन गेवराईकडं, पोरीला नेणार कोण? मी नेलं असतं. पण ती म्हणाली, "न्हाई सर, तुमीच ऐका." आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला पाहिजे होती.

सोम., १२
उद्या स्पर्धा. शेवटचा सराव. सौ.ला ऐकायला बसवावं, असं सकाळपासून मनात. तोंड उघडलं नाही. सव्वीस वर्षं सर म्हणवून घेतलंय.
अश्विनीनं हात पाठीमागं घट्ट धरले. सगळं म्हणून झाल्यावर त्या पाच टाळ्यांच्या शब्दावर परत आली. एकदा म्हणाली.
"सर, आता आलं का बरोबर?"
डोळे मिटून ऐकलं होतं. काही म्हणजे काही कळलं नाही.
"बरोबर," म्हणालो.
लई हसली पोरगी. मग अगदी तस्संच, जसं काय आलं होतं तसं, पक्कं होईपर्यंत घोकत बसली. मी समोर बसून मान हलवत होतो.