कॉफीच्या रंगाचा प्लग

९ ऑक्टोबर, शुक्रवार

आज बाबांनी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्ची ओढून बसले! इतकी वर्षं एकच पालुपद — "नोएमी, तू कार्ट चालव. इंजिनाला हात लावायचा नाही." आणि आता? "सगळं तूच करायचं. मी बसून ऐकतो."

अठराला लोनातोची शर्यत. मांतोव्याच्या संघाचे फेराबोली मला बघायला येणार. पहिल्या तिघांत आले तर पुढच्या मोसमात त्यांची कार्ट माझी. आणि यांना शिकवायला नेमका हाच मुहूर्त सापडला! असो. शिकेन. शिकणारच.

११ ऑक्टोबर, रविवार

नखं काळी, डोकं तापलेलं. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकाशी जी फट असते तिच्यात मापाच्या गेजचं पातं जेमतेम सरकलं पाहिजे. सैल नको, अडकायलाही नको. मी वरची वाकडी पट्टी जास्तच दाबली, फट मिटली. उघडायला गेले तर पक्कड मधल्या दांडीला लागली.

"मधल्याला धक्का लावलास ना?" बाबा खुर्चीतूनच ओरडले. बघतही नव्हते!

शेजारच्या तंबूतला तार्चिझिओ खिदळला, "बातिस्ता, म्हातारा झालास की आळशी?"

"दोन्ही. तू आपली कॉफी पी."

परतताना व्हॅन मलाच चालवायला लावली. पाठ दुखते म्हणे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दाट धुकं. गार हवेत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून पेट्रोल सोडणारा जेट मोठ्या भोकाचा घातला. सरळ रस्त्यावर पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद केलं, तशीच घरंगळत आत आले आणि प्लग काढला.

"रंग सांग," बाबा म्हणाले.

"तुम्हीच बघा ना!"

"मांतोव्यात मी येणार आहे का बघायला? सांग."

काळा. म्हणजे पेट्रोल जास्त झालं. जेट बदलला. पुन्हा फेरी, पुन्हा "रंग सांग". या वेळी पांढुरका — इंजिन उपाशी! असंच चालवलं असतं तर जळून गेलं असतं. तिसऱ्यांदा कॉफीसारखा तपकिरी आला. मी तिथेच नाचले.

१७ ऑक्टोबर, शनिवार

फट पहिल्या झटक्यात जमली. बाबांनी अंगठ्याचं नख घालून पाहिली. "हं." एवढंच! पण मला पुरे.

१८ ऑक्टोबर, सकाळ

घात! तयार केलेला प्लग हातातून निसटून फरशीवर पडला. नुसता टण् आवाज झाला आणि बाबा म्हणाले, "कचऱ्यात टाक. पडलेला प्लग लावायचा नसतो." दुसऱ्याची फट केली, घट्ट बसवला. तिसरा पण तयार करून खिशात ठेवला. मी तिघांत येणार.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ

दुसरी आले! फेराबोलींनी हात मिळवला — "मोसम तुझा, पोरी." शर्यतीतला प्लग काढून खिशात टाकला आणि धावत बाबांकडे गेले. "आज तरी तुम्ही रंग सांगा!" म्हणत प्लग त्यांच्या नाकासमोर धरला. ते कितीतरी वेळ बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. "अगदी कॉफीसारखा! शाब्बास, माझी बाय."

मग माझं लक्ष गेलं. घाईत खिशातला दुसराच हाताला आला होता. न लावलेला. कोरा, पांढराशुभ्र.