बिनटाचेचे मोजे

३ नोव्हेंबर

ती. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार, कंबर परवानगी देईल तितका वाकून.

माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाची कुठेतरी नोंद राहावी, म्हणून हे पत्र. काल मी लोकरीच्या दुकानात एक तास वीस मिनिटं उभा होतो. हातात तू पाकिटातून पाठवलेला करंगळीएवढा तपकिरी धागा. दुकानदारबाईंनी सतरा तपकिरी गुंडे काढले आणि मी सतराही नाकारले. मागे रांग लागली. एका गृहस्थांनी तर मला वेड्यांच्या दवाखान्याचा पत्ता विचारला, म्हणजे सुचवला. शेवटी रंग जुळला. बाईंनी विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, भाच्याच्या मुलीसाठी, लहान आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पोरीने काही गुन्हा केलाय आणि मी तिला गणवेश शिवतोय.

ताई, मी छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो, म्हणून विचारतो. तपकिरीच का? लाल, पिवळी, झालंच तर पोपटी लोकर जगातून संपली का?

गुंडे वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर मला पेलायचा नाही.

तुझा
शेंडेफळ


९ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद, लायकी नसताना.

लोकर मिळाली. एक तास उभा राहिलास तर पाय झिजले का रे तुझे? तपकिरी रंग सूनबाईने सांगितला. मळखाऊ असतो. पोर म्हणे घरभर पळते, म्हणून तळ दुहेरी हवा. वरची कड घट्ट हवी, घसरता कामा नये. गोंडे नकोत. आणि आता लिहिते, टाच नको, पिशवीसारखे सरळ विणा. शाळेत तीस वर्षं मी मुलींना टाच वळवायला शिकवली, त्यात अर्धं आयुष्य गेलं. पण नवी पद्धत असेल. चारचार जोड्या मागवते. माझ्या हातच्या कुठल्याच गोष्टीसाठी त्या घरातून कधी मागणी आली नव्हती, ही आली.

तुला एक सांगायचंय. मी इथली खोली सोडतेय. घरमालकांना कळवलं, महिनाअखेर. त्यांनी एका कंपाउंडरच्या बिऱ्हाडाला जागा दिलीसुद्धा. मुलाला लिहिलं की आता तुमच्याकडेच येते, नातीच्या पायाचं माप तरी हाताने घेईन. त्याचं उत्तर आलं, ये, येताना आठ मोजे आण. मायाच आहे ना ती.

पण एक गोष्ट मला खाते. पोर पाचव्या वर्षात आहे, आणि मोज्यांचा घेर पहिल्या वर्षापासून चार बोटंच. मी विचारलं की सूनबाई लिहिते, माप तेच. पोर वाढत नाही का रे? माझ्यापासून काही लपवतात का? तू छापखान्याच्या कामाला त्या गावी जाणार आहेस, तेव्हा तिचा पाय बघून ये. आणि मला खरं लिही. गोड लिहायचं असेल तर पोस्टाचा खर्च वाचव.

जपून राहा, आणि आठवण येत नसली तरी पत्र टाकत जा.

ताई


२१ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार, यावेळी उभ्यानेच.

खरं लिही म्हणालीस. लिहितो.

पोरीची प्रकृती ठणठणीत आहे. पायाचा घेर सात बोटं, वर थोडा. तिने माझ्या पायावर पाय दिला तेव्हा माझी खात्री पटली. तिच्या पायात दुकानातले गुलाबी मोजे होते.

तुझे मोजेही पाहिले. सगळे वापरात आहेत, एकही वाया गेलेला नाही. तुझ्या मुलाने घरात लाकडाची जमीन करून घेतली आहे, आरशासारखी. तिच्यावर जेवणाच्या टेबलाभोवती आठ खुर्च्या. आठ खुर्च्यांचे पाय बत्तीस. बत्तिसांवर तुझे मोजे, तपकिरी, जमिनीला शोभतील असे. तळ दुहेरी, कारण खुर्च्या ओढल्या जातात. कड घट्ट, कारण लाकूड गुळगुळीत असतं. टाच नको, कारण ताई, खुर्चीला टाच नसते.

सूनबाईने मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. खुर्चीच्या पायाला चिकटवायची बाजारातली नमद्याची चकती दोन महिन्यांत सुटते म्हणे, सासूबाईंचं काम टिकतं. पोरीने माझ्या कानात सांगितलं की तिच्या खुर्च्यांना आजी आहे. तिला स्वतःला आहे का, विचारलं, तर विचारात पडली.

मी ज्या खुर्चीवर बसलो होतो तिचे चारही मोजे निघताना काढून कोटाच्या खिशात टाकले. पुरावा म्हणून समज. मी उठल्यावर ती खुर्ची कुणीतरी ओढली, तेव्हा घरभर अशी किंचाळली की तुझा मुलगा धावत आला. जमिनीपाशी धावला, माझ्यापाशी नाही.

छान विणलेस. मला एकही टाका चुकलेला सापडला नाही.

शेंडेफळ


२५ नोव्हेंबर

चि. शेंडेफळास,

पत्र पोचलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

तुझ्या पत्रातही चूक नाही. तीन पानं, आणि प्रत्येक वाक्य कसं कातरीने कापल्यासारखं. लिहिताना मजा आली असणार तुला. लहानपणीही तू माशीचे पंख काढून झाले की मला बोलावून दाखवायचास.

खुर्च्यांबद्दल तीन पानं लिहिलीस. मी एक तारखेला कुठे जावं, याबद्दल एक ओळ नाही. कंपाउंडरचं सामान जिन्यात येऊन पडलंय. तुझी बाहेरची खोली आहे, जिच्यात तू दुसऱ्यांच्या चुकांचे गठ्ठे रचून ठेवतोस. मी विचारत नाहीये. नुसती मोजतेय, कुणाकडे किती जागा आहे.

ताई


२८ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

बाहेरच्या खोलीत ओल आहे. गठ्ठे हलवायला दोन माणसं लागतील. माझा स्वभाव तुला माहीत आहे, आठवडाभरात आपण एकमेकांची तोंडं बघणार नाही. शिवाय मुलगा असताना भावाकडे राहिलीस तर लोक त्यालाच नावं ठेवतील. तुझ्याच भल्याचा विचार करतोय.

प्रवासात पाणी उकळलेलं पी.

शेंडेफळ


१४ डिसेंबर

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद. सवयीने.

मी पोचले. इस्त्रीच्या टेबलाशेजारी माझी खाट आहे, खिडकी आहे, तक्रार नाही. सूनबाईला मी विचारलं. ती लपवाछपवी करणारी नाही रे. म्हणाली, पहिल्याच वर्षी पोरीला लोकरीने पुरळ आलं, टाकून देववेना, म्हणून खुर्च्यांना घातले. सांगणार होते, पण तुमची पत्रं इतकी खुशीची यायची. मुलाने हसून विचारलं की उपयोग तर होतोय ना? होतोय.

मग मी नातीच्या पायाचं माप घेतलं, आयुष्यात पहिल्यांदा हाताने. सुती धागा आणला, लाल, म्हणजे खाजायचं नाही. टाच वळवली. तीन दिवसांत एक मोजा झाला. तिने तो घेतला, गोल फिरवून पाहिला, आणि नेऊन तुझ्या त्या अनवाण्या खुर्चीच्या एका पायात घातला. तिला कीव येत होती खुर्चीची. मोजा ढगळ झालाय, टाच मागे बाहेर आलीय. सगळे हसले. मीही हसले. सूनबाई म्हणाली, पायात अडकेल कुणाच्या, उसवून तिथे चार तपकिरीच विणून द्या, मामांनी नेले ते. रविवारी पाहुणे आहेत.

दुसरा लाल मोजा सुरूच केला नाही. तपकिरी एक झालाय, तीन व्हायचेत. खुर्च्यांचं एक बरं असतं, माप बदलत नाही.

तुझी खोली वाळली का?

ताई


१७ डिसेंबर

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद.

मी आलो होतो तेव्हा तुझ्या एका खुर्चीचे चार मोजे न विचारता नेले. त्याबद्दल सोबत चार रबरी बुचं पाठवत आहे, काठीच्या टोकाला बसवतात तसली. दुकानात आठ प्रकार होते. आठही घरी आणून माझ्या खुर्चीवर चढवून पाहिले आणि ओढून पाहिले. ही आवाज करत नाहीत, ओरखडा पाडत नाहीत. गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवली की सहज चढतील. रविवारच्या आत पोचावीत म्हणून रजिस्टर केली आहेत.

तेव्हा त्या खुर्चीसाठी आता कुणी काही विणायची गरज नाही.

लाल मोजा उसवू नये. एकच असला तरी.

बुचं मी पाठवली हे ताईला सांगू नये. बाजारात मिळाली म्हणावं.

मामा