श्वासाची जागा

।। श्री एकवीरा प्रसन्न ।।

बाळकुम, ठाणे
२८ ऑगस्ट २०२५

चि. दर्शना हिस आबाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या बापाने तुझा फोन माझ्या कानाला लावला, पण मला नुसता भुंग्यासारखा आवाज आला. मी आपला हो हो करत राहिलो. मागाहून कळले की तू मला जेवलात का असे विचारत होतीस आणि मी पाऊस फार आहे म्हणून सांगितले. घरचे सगळे हसले. कान गेले ते गेले, म्हणून पत्र लिहितो. चौथी शिकलेल्या माणसाचे पत्र आहे, पोलीस झालीस म्हणून चुका काढू नकोस.

एकच विचारायचे आहे. तुला बंदूक कोणती दिली? टिटवाळ्याच्या उत्तमला तू ओळखतेस. वागळे इस्टेटीत आमच्या स्प्रिंगच्या कारखान्याच्या गेटवर होता, त्याआधी फौजेत होता. तो म्हणतो की तुमच्याकडे दोन जाती असतात, एक जुनी लाकडाची एसएलआर आणि एक नवी, काळी, हलकी. यातली ऐन वेळी अडकणार नाही ती कोणती, एवढे मला कळले पाहिजे. टीव्हीवर जंगल दिसले की मी तो बंद करतो आणि तुझी आजी तुळसा पुन्हा लावते. पोरीला आपणच पाठवले, आता डोळे मिटून काय होणार, म्हणते. पण ताट वाढताना तुझेही वाढते आणि मग परत झाकून ठेवते.

मला खोटे लिहू नकोस. बाकी तू शहाणी आहेस.

तुझा,
आबा

*

चौकीवरून
८ सप्टेंबर २०२५

ती. आबांना दर्शनाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र रेशनच्या गाडीतून आले. आमच्या खोलीत सगळ्यांनी वाचले, सॉरी. कल्याणची मालन आहे ना, माझ्या शेजारच्या कॉटवरची, ती तर पाऊस फार आहे वाचून पोट धरून हसली. आता मला कोणी काही विचारले की मी हेच उत्तर देते. साहेबांना सोडून!

माझ्याकडे नवी आहे. मालनकडेही नवीच. जुनी एसएलआर घ्यायची तर घेऊ देतात, पण चढावर ती घेऊन गेले की खांदा सोलून निघतो, आणि मी केवढीशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. नवी हलकी आहे, नेम सोपा बसतो. फक्त मॅगझिन प्लास्टिकचे आहे, ते जपावे लागते. रेंजवर माझी अजून एकदाही अडकलेली नाही. इथली जुनी माणसे मात्र एसएलआरचीच तारीफ करतात. मालन म्हणते, ते स्वतः जुने आहेत म्हणून.

आजीला सांगा, माझे ताट वाढू नका, मी इथे दोनदा भात घेते. तुमच्या गोळ्या वेळेवर घ्या. तुमच्या काळजीची मला सवय झाली आहे, ती अशीच राहू दे, थोडी कमी चालेल.

तुमची,
दर्शना

*

टिटवाळा
१४ सप्टेंबर २०२५

परशुराम यास उत्तमचा रामराम. वि. वि.

तुझी तीन पत्रे एका आठवड्यात आली. पोस्टमन मला विचारतो की काका, कोर्टाचे काही चालू आहे का.

दोन्ही रायफली एकाच रीतीच्या. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची ती स्वतः भरून घेते. जुनी जड, लांब, खांद्याला लाथ मारते, पण तिची गोळी मोठी आणि दमदार. चिखलातून काढून झटकली तरी चालते. नवीला लाथ नाही, तेवढ्याच ओझ्यात गोळ्या जास्त नेता येतात, पण तिचे लाड पुरवावे लागतात. मी जुनी वापरली म्हणून मला जुनी आवडते. तुझी नात किडकिडीत आहे, तिला नवीच ठीक. त्यात तू पडू नकोस.

एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू. रायफल श्वास घेते. नळीच्या वर, पुढच्या बाजूला एक बारीक भोक असते. गोळी सुटली की तिचा वायू त्यातून मागे येतो आणि त्याच्या जोरावर पुढची गोळी भरली जाते. तिचा सगळा जीव त्या जागेत. ती जागा जपली की कुठलीच रायफल दगा देत नाही. पोरीला हे ठाऊक असणारच.

वहिनींना नमस्कार. जरा झोपत जा. आपली गाठ पडेल तेव्हा पडेल, तोवर लोभ मनात ठेव.

तुझा,
उत्तम

*

बाळकुम, ठाणे
१८ सप्टेंबर २०२५

चि. दर्शना हिस अनेक आशीर्वाद.

उत्तमचे पत्र आले. तो फौजेतला माणूस, त्याची आवड जुनीच. चिखलातून काढली तरी चालते म्हणतो. तुझ्या नवीचे लाड करावे लागतात म्हणे. जंगलात लाड कोण करणार? तेव्हा माझे ऐक आणि एसएलआर मागून घे. खांदा सोलला तर सोलू दे, आजी हळदीचा लेप लावील. लहानपणी तू मिठागरावर माझ्या मागे पाट्या उचलायचीस, तेव्हा ओझ्याला घाबरली नव्हतीस. हा माझा हट्ट समज. मी आजवर तुझ्याजवळ काही मागितलेले नाही.

दुसरे असे की खंडेनवमी जवळ आली. या पाकिटात देवीच्या पायाचे हळदकुंकू पुडीत घातले आहे. हत्याराची पूजा सगळेच करतात, वरून टिळा लावतात, पण तो देखावा. कारखान्यात खंडेनवमीला मी माझ्या मशीनच्या तेलाच्या भोकात आधी कुंकवाचे बोट फिरवायचो आणि मग तेल सोडायचो. ती मशीन माझ्या हाताखाली कधी रुसली नाही. उत्तम म्हणतो की बंदुकीच्या नळीवर पुढे तिच्या श्वासाची जागा असते, सगळा जीव तिथे, आणि ती जागा जपायची. तर कुंकू तेलात कालवून तिथे आत लाव. वरवर नको, आत. देवी आत असली पाहिजे.

एवढे केलेस की मी टीव्ही बंद करणार नाही. पुडी मालनलाही दे, तीही कोणाची तरी आहे.

तुझा काळजीखोर,
आबा

*

चौकीवरून
९ ऑक्टोबर २०२५

ती. आबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

बातम्यांत काही पाहिले असेल तर आधी हे वाचा की मी ठीक आहे. मला काहीही झालेले नाही.

मालनला लागले. दसऱ्याच्या पहाटे अचानक निघायचा हुकूम आला. ओढ्याजवळ समोरून नक्षलवाद्यांचा गोळीबार सुरू झाला. मी मागून घेतलेली एसएलआर दोनदा चालली आणि मग थांबली. एक गोळी सुटली की पुढची भरायचीच नाही. प्रत्येक वेळी हाताने खेचून भरावी लागत होती. मालन माझ्या बाजूला होती, ती दोघींच्या वाटचे चालवत होती. त्यासाठी ती झाडाच्या आडोशातून थोडी बाहेर आली. उजव्या हाताला लागले. मी तिला ओढत मागे आणले. हेलिकॉप्टरने नागपूरला नेले. हात कोपराच्या वरून काढावा लागला.

रायफल नंतर उघडली. पुढच्या प्लगमध्ये, म्हणजे नळीवरच्या वायूच्या बुचात, लाल, चिकट थर होता. शस्त्रागाराच्या हवालदारांनी गंज असे लिहिले. जुन्या रायफली परत पाठवायचे ठरते आहे. सगळे म्हणतात की जुनीने दगा दिला. हवालदारांनाच आता नोटीस आली आहे की गंज चढेपर्यंत तुम्ही काय करत होतात.

तुम्ही याचा काही विचार करू नका. मी नवी पुन्हा घेतली आहे. आबा, पुडी वगैरे आता पाठवू नका, टपाल फार उशिरा येते.

आजीला जपा.

दर्शना

*

बाळकुम, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२५

उत्तम यास परशुरामाचा नमस्कार. वि. वि.

तुझे जुने पत्र काढून पुन्हा वाचले. तू श्वासाची जागा जप असे लिहिलेस. जप म्हणजे मोकळी ठेव, हे मला आज कळते आहे. मी तिथे देव बसवायला सांगितला.

दर्शनाने लाल, चिकट गंज लिहिले होते. जन्मभर मी तार आणि पोलाद हाताळले. गंज कोरडा असतो, बोटावर पीठ येते. गंज चिकटत नाही. तेलात कालवलेले कुंकू चिकटते. मी ती ओळ वाचली आणि पत्र घडी करून ठेवले, तुळसेला सांगितले की सगळे ठीक आहे. महिनाभर मी हे कोणाला बोललो नाही.

काल कल्याणला मालनकडे जाऊन आलो. बाही रिकामी, पिन लावून ठेवलेली. मला बघून उठायला लागली. तिची आई शेवंतीबाई माझ्या पाया पडली. मी मागे सरकलो तर म्हणाली की आबा, तुमच्या नातीने माझ्या पोरीला ओढून आणले आणि तुमच्या कुंकवाने दोघींना वाचवले. मालननेही मान डोलावली. तिने नुसता टिळा लावला होता, दस्त्यावर. तिची रायफल शेवटपर्यंत चालली. ती म्हणते की दर्शनाची जुनी बंदूक भंगार होती, पण आबांची देवी होती म्हणून हातावर निभावले.

याच्यापुढचे ऐक. शेवंतीबाईंनी चौकीवरच्या सगळ्या पोरींसाठी हळदकुंकवाच्या पुड्या बांधल्या आहेत. लावायचे कुठे ते मालनने प्रत्येकीला चिठ्ठीत लिहिले आहे, दर्शनाने आत लावले आणि तिला ओरखडाही आला नाही, तसे आत लावा म्हणून. ते पार्सल तिने माझ्याच हातात दिले, कारण पोस्ट माझ्या वाटेवर आहे. मी ते घेऊन पोस्टासमोर उभा राहिलो आणि तसाच घरी आलो. पिशवी खुंटीला आहे. मी ती टाकली तर त्या दुसऱ्या बांधतील.

बोललो तर पोरीची नोकरी जाते. न बोललो तर अजून किती हात. तू शहाणा आहेस, मला एक ओळ लिही. मला तर आता शहाणपण ऐकूनही कळत नाही, वाचूनही कळत नाही.

परशुराम

*

टिटवाळा
१५ नोव्हेंबर २०२५

परशुराम, रामराम.

एकच ओळ मागितलीस. दर्शनाला विचार, पण तिला हे नवे आहे असे समजू नकोस. जिने स्वतःच्या हाताने ते आत लावले तिला तो रंग कोणता ते त्याच दिवशी कळले असणार. ती तुला वाचवते आहे.

मीही नुसते मोकळी ठेव, साफ ठेव असे लिहिले असते तर बरे झाले असते. कथा सांगायची सवय, श्वास लिहून बसलो.

उत्तम

*

चौकीवरून
२६ नोव्हेंबर २०२५

ती. आबांना शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. हो, मला त्याच दिवशी कळले होते. प्लग उघडल्यावर वास आला, आपल्या देव्हाऱ्यातला. हवालदारांनी गंज लिहिले आणि मी गप्प राहिले. मला वाटले, हे तुमच्यापर्यंत गेले तर तुम्ही जेवायचे बंद कराल.

तुम्ही एकटे दोषी नाही, आबा. तुम्हाला रायफल ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. तिथे काही जाऊ द्यायचे नाही हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तरीही मी तुमचा हट्ट म्हणून लावले आणि सकाळी साफ करू म्हटले. सकाळ झालीच नाही.

पुड्यांचे वाचून मात्र मला गप्प बसवले नाही. आज साहेबांकडे जाऊन सगळे सांगितले. हवालदारांवरची नोटीस आता माघारी जाईल. माझी रायफल जमा करून घेतली आहे, चौकशी होईपर्यंत मला कार्यालयात बसवले आहे. बहुतेक घरी पाठवतील. इथल्या मुली माझ्याशी नीट बोलतात, पण ताट घेऊन दुसरीकडे बसतात.

एसएलआर चांगली की नवी, हे तुम्ही विचारले होते. दोन्ही चांगल्या होत्या, आबा.

मालनला मी फोन केला नाही. माझ्याने झाले नाही. तुम्ही कल्याणला जाल का?

दर्शना

*

बाळकुम, ठाणे
४ डिसेंबर २०२५

चि. दर्शना हिस आबाचे आशीर्वाद, घेशील तर.

काल कल्याणला गेलो. पिशवी तशीच बरोबर नेली. तुळसा दारापर्यंत आली, कशाला जाता म्हणाली नाही, मफलर दिला.

मी उभ्यानेच सांगितले, बसलो असतो तर राहून गेले असते. शेवंतीबाईंना आधी समजले नाही. कुंकवाने वाचले ना, असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. मी नाही म्हणालो. मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. माझ्यासारख्या बहिऱ्यालाही तो आवाज ऐकू आला, यावरून समज.

मालन खिडकीकडे बघत राहिली. तिला फौजदाराची परीक्षा द्यायची होती, तिची पुस्तके खिडकीत तशीच आहेत. दर्शना का नाही बोलली, असे तिने विचारले. मी सांगितले की ती साहेबांजवळ बोलली, तुझ्याजवळ तिला धीर होत नाही. त्यावर तिने मान हलवली. ती मान हो होती की नाही, ते मला कळले नाही, मी तुला खोटे लिहिणार नाही.

मी निघालो तेव्हा तिने उशीखालून एक पुडी काढली. तू दिलेली होती, अर्धी राहिलेली. माझ्या तळहातावर ठेवली. डाव्या हाताने देते आहे, रागावू नका, एवढेच म्हणाली.

सगळ्या पुड्या खाडीवर नेऊन सोडल्या. तुला घरी पाठवले तर सरळ ये. ताट आजी झाकून ठेवते, आता मी तिला नको म्हणत नाही.

या पाकिटात काही घातलेले नाही, झटकून बघू नकोस.

तुझा,
आबा