देखभालीपुरती

बाल्टिमोर

प्रिय ओडेसा,

तुला पुरून आठवडा होत नाही तोच मॅनेजर पुलियम दारात उभा. म्हणाला, "अर्नेस्टीनबाई, वाईट वाटतं, पण घर रिकामं करावं लागेल."

"अरे, मी तिची सख्खी बहीण आहे."

"कागदावर तुम्ही देखभालीची बाई आहात. सरकारी मदतीच्या घरात भाडेकरू गेल्यावर कुटुंबातल्या माणसाला राहता येतं, देखभालीच्या बाईला नाही."

तशी नोंद आपणच केली होती. मला कुटुंबात धरलं असतं तर माझी पेन्शन मोजून भाडं वाढलं असतं. तेव्हा तू खदाखदा हसलीस. "प्राध्यापकीणबाई, आता माझी भांडी घासा!"

गरिबांचे खटले फुकट चालवणारी एक वकीलबाई मिळाली आहे. ती म्हणाली, "कोर्टात एवढंच सांगा, बहीण आजारी नसती तरी मी तिच्याकडेच राहिले असते. म्हणजे तुम्ही देखभालीपुरत्या नव्हता, कुटुंबातल्याच होता, असं ठरेल."

"खोटं सांगणार नाही. धडधाकट ओडेसाबरोबर मी एक दिवस काढला नसता."

तिने कपाळाला हात लावला.

आज न्यायाधीशबाईंनी वेगळंच विचारलं. "बहीण बरी झाली असती, तर तुम्ही आपल्या घरी परत गेला असता?"

"नाही," मी म्हणाले.

निकाल शुक्रवारी आहे. घर राहिलं तरी मी एकटी, गेलं तरी एकटीच. पण हे उत्तर कोर्टाच्या आधी तुझ्या कानावर पडायला हवं होतं.

तुझी थोरली,
अर्नेस्टीन