सारवलेल्या भुईशेजारची बाज

जळगाव जामोद
ता. १२ जानेवारी १९६४, रविवार

सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, दवाखान्यातून घरी आणून आज एकवीस दिवस. पोटातल्या गाठीवर इलाज नाही. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "आता सेवा करा. पाठीला जखम होऊ देऊ नका." तेव्हाच मनात धरलं, आत्याबाई जातील तर अखंड पाठीने जातील. दर दोन तासांनी कूस बदलते. कॅलेंडरवर खूण : डावी ती डा., उजवी ती उ. टाचांखाली राळ्याच्या उशा शिवून दिल्या, तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशा.

"मले काऊन लेकरू करून राह्यली वं?" म्हणाल्या. हसल्या. किती दिवसांनी.

ता. १४, मंगळवार. संक्रांत

हळदीकुंकवाला कुठे गेले नाही. बायाच आल्या. शेजारच्या गोदाकाकू नाकाला पदर लावून आत शिरल्या. मग पदर सोडला. "माय वं! दुखण्याचा वास नाही खोलीले!"

रोज कडुलिंबाच्या पाण्याने अंग पुसते, धूप घालते. गर्व करू नये. आज केला. देवापुढे कबूलही केला.

ता. १८, शनिवार

सकाळी श्वास लांबला. हाकेला ओ नाही. साखरखेर्ड्याला नणंदेला तार केली. चुलत सासरे भाऊकाका म्हणाले, "भुईवर घ्या. बाजीवर जीव जाऊ देऊ नये." मीच जमीन सारवली. मीच तोंडात गंगाजळ घातलं, तुळस ठेवली.

तासाभराने डोळे उघडले. "भुई थंडी हाय बाप्पा. चहा देते का कोणी?"

भुईवर घेतलेलं माणूस परत बाजेवर नेत नाहीत, माहेरीही हेच. काका म्हणाले, "आता इथंच राहू द्या. घराले दोष लागते." चमच्याने चहा पाजला. पाठीखाली हात घालून पाहिलं, माकडहाडावर लाल चट्टा. एका तासात!

ह्यांना म्हटलं, "तिकडून धरा." हे काकांकडे बघत राहिले. परत म्हटलं. धरलं. दोघांनी उचलून बाजेवर नेलं.

काका न जेवता गेले.

ता. २०, सोमवार

नणंद आल्या. काकांनी वाटेतच गाठलेलं दिसलं. माझ्याशी बोलल्या नाहीत. आधी आईची पाठ उघडली. चट्टा उतरलाय. कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या. मग, "वहिनी, कूस कशी बदलता, मले दाखवा."

दाखवलं. आत्याबाई मधूनच, "पोळी उलटवल्यावाणी उलटवून राह्यल्या मले दोघी!"

ता. २१, मंगळवार

काकांनी दारातूनच विचारपूस केली. आत आले नाहीत.

आज चहा दोनच चमचे गेला. भुईवरची सारवलेली जागा मोडली नाही, त्यावर कोणाला पाय ठेवू देत नाही. बाज तिच्या शेजारीच. दोष असेल तर माझ्या नावे लाव, देवा.

दुपारचे दोन. नणंदेने हाक मारली. उ.